समुद्र एक, वाटे अनेक

देवबागच्या टोकाला उभे राहिले, की एका हाताला अरबी समुद्र आणि दुसऱ्या हाताला कर्ली नदीची खाडी दिसते. मधली जमीन म्हणजे माडांची एक अरुंद पट्टी. गावातली वयस्कर माणसे पाण्याकडे बोट दाखवून सांगतात, "तिथे आमचे माड होते, तिथून आम्ही रापण ओढत होतो." आज तेथे दगडांचा बंधारा आहे, आणि मोठ्या उधाणाला लाटा तोही ओलांडून अंगणात येतात. ही धूप केवळ समुद्राची पातळी वाढल्यामुळे होते असे म्हणणे शास्त्राला धरून होणार नाही. नदीमुखाचे बदलते प्रवाह, वाळूचा उपसा, किनाऱ्यावरील बांधकामे ही कारणेही त्यात आहेत. परंतु तापत्या समुद्राचा हात त्यात आहे, आणि तो वर्षागणिक बळावत आहे, याविषयी आता जाणकारांत दुमत उरलेले नाही.

बंधाऱ्यापाशी उभा असलेला मनुष्य दोन प्रश्न विचारतो : हे कुणी केले, आणि निस्तरायचे कुणी? पन्नास वर्षांहून अधिक काळ जगातील राष्ट्रे मोठमोठ्या सभागृहांत बसून याच दोन प्रश्नांवर भांडत आहेत. त्या भांडणाचा इतिहास आपल्या किनाऱ्यावरून पाहिला तर तो अधिक नीट समजतो, असे मला वाटते. कारण त्याच जातीचे भांडण आपल्या वाडवडिलांनी याच वाळूवर अनुभवले आहे.

रापणीचा न्याय

रापण म्हणजे नुसते जाळे नव्हे, ती एक व्यवस्था आहे. होडीतून जाळे समुद्रात अर्धवर्तुळाकार टाकायचे, दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर आणायचे आणि दोन्हीकडून माणसांनी तासन्‌तास ओढत राहायचे. हे एका कुटुंबाचे काम नव्हे. म्हणून रापणीचे संघ झाले. मासळी वाळूवर आली की वाटे घालायचे : जाळ्याचा वाटा, होडीचा वाटा, ओढणाऱ्याचा वाटा. गाबीत असो वा ख्रिस्ती, ज्याने दोराला हात लावला त्याला काही ना काही मिळायचे. वाट्यांवरून कुरबुरी होत नसत असे नाही. पण कुरबूर करणाराही वाटे घालताना समोर उभा असे आणि सर्वांदेखत आपले म्हणणे मांडू शकत असे.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात यांत्रिक बोटी आल्या. सरकारने कर्जे आणि अनुदाने दिली. निर्यातीला कोळंबी हवी होती. ट्रॉलरने समुद्राचा तळ खरवडला आणि पर्ससीन जाळ्यांनी बांगड्यांचे थवेच्या थवे किनाऱ्याकडे येण्याआधीच उचलले. गोव्यात रापोणकार रस्त्यावर उतरले. माथानी साल्ढाणा या शिक्षकाने त्यांचे नेतृत्व केले आणि सत्तरच्या दशकाच्या अखेरीस हा लढा देशभरच्या मच्छीमारांपर्यंत पोहोचला. किनाऱ्यालगतचे पाणी पारंपरिक मच्छीमारांसाठी राखून ठेवावे ही त्यांची मुख्य मागणी होती. त्यातून निरनिराळ्या राज्यांत कायदे झाले. महाराष्ट्राचा सागरी मासेमारी नियमन अधिनियम १९८१ सालचा आहे. पुढे फेब्रुवारी २०१६ मध्ये महाराष्ट्र शासनाने पर्ससीनवर कडक निर्बंध घातले आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये केंद्र सरकारने एलईडी दिव्यांच्या प्रकाशातील मासेमारीवर बंदी आणली. तरीही मालवणच्या समुद्रात संघर्ष थांबलेला नाही, हे आपण दर हंगामात पाहतो.

या झगड्यात दोन्ही बाजूंचे युक्तिवाद आपल्या कानांवर आहेत. रापणकर म्हणतो, "समुद्र तुम्ही रिकामा केला आणि आता जपायला आम्हाला सांगता." बोटवाला म्हणतो, "मी बँकेचे कर्ज काढले आहे, खलाशांचा पगार द्यायचा आहे. मी थांबलो तर शेजारच्या राज्याची बोट माझा मासा नेईल." पृथ्वीच्या तापमानवाढीवरील आंतरराष्ट्रीय परिषदांचे इतिवृत्त वाचताना मला हीच दोन वाक्ये पुनःपुन्हा भेटतात.

१९८७ : दोन निर्णय

त्या इतिहासाचा आरंभ साधारणतः १९७२ सालच्या स्टॉकहोम परिषदेपासून धरतात. जूनमध्ये भरलेल्या या परिषदेला यजमान स्वीडनच्या पंतप्रधानांखेरीज उपस्थित राहिलेल्या एकमेव सरकारप्रमुख म्हणजे इंदिरा गांधी. निसर्गरक्षणाला त्यांचा विरोध नव्हता. परंतु गरिबी हटल्याशिवाय पर्यावरण सुधारणार नाही, आणि श्रीमंत देशांच्या उपभोगाची किंमत गरिबांनी मोजू नये, हा त्यांच्या भाषणाचा रोख होता. पुढील सर्व वादाचे बीज तेथे पडले.

त्यानंतर १९८७ साली दोन निर्णय झाले, एक आपल्या दाराशी आणि एक जगाच्या दुसऱ्या टोकाला.

एप्रिल १९८७ मध्ये मालवण सागरी अभयारण्य जाहीर झाले. क्षेत्र २९.१२ चौरस किलोमीटर. त्यातील सुमारे ३.१८ चौरस किलोमीटर गाभाक्षेत्र, ज्यात सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचा आणि पद्मगडाचा परिसर येतो. येथील प्रवाळ आणि शैवाल यांचे मोल मोठे आहे, आणि ते राखण्याचा हेतू स्तुत्य होता यात शंका नाही. परंतु ज्यांची पोटे त्या पाण्यावर होती, त्या मच्छीमारांची तक्रार अशी, की आपल्याला विश्वासात न घेता हा निर्णय झाला. विरोध झाला, मोर्चे निघाले आणि अभयारण्य बहुतांशी कागदावर राहिले. 'अभयारण्य' हा शब्द उच्चारताच सभा उधळली जावी, इतका अविश्वास कित्येक वर्षे टिकला.

त्याच वर्षी १६ सप्टेंबरला कॅनडातील मॉन्ट्रियल येथे ओझोन थराच्या रक्षणाचा करार झाला. अंटार्क्टिकावरील ओझोनच्या थराला पडलेले भगदाड ब्रिटिश शास्त्रज्ञांनी १९८५ मध्ये जगापुढे आणले होते. शीतकपाटे आणि फवाऱ्याचे डबे यांत वापरले जाणारे वायू त्याला कारणीभूत होते. भारत आणि चीन यांनी प्रथम या करारावर सही केली नाही. त्यांचे म्हणणे सरळ होते : हे वायू तुम्ही वापरलेत, नुकसान तुम्ही केलेत, आमच्या घरांत आता कुठे शीतकपाट येऊ लागले आहे, तर पर्यायी तंत्रज्ञानाचा खर्च आम्ही का सोसावा? यावर श्रीमंत राष्ट्रांनी त्यांना हटवादी ठरवून वाद मिटवला नाही. १९९० मध्ये लंडनच्या बैठकीत करार दुरुस्त झाला, खर्च भागवण्यासाठी एक निधी उभारला गेला आणि गरीब देशांना अधिक मुदत मिळाली. १९९२ साली भारत करारात सामील झाला. आज जगातील सर्व राष्ट्रे त्यात आहेत, आणि बहुतेक जगावरील ओझोनचा थर २०४० च्या सुमारास, तर अंटार्क्टिकावरील २०६६ च्या सुमारास १९८० च्या स्थितीला येईल, असा संयुक्त राष्ट्रांच्या शास्त्रज्ञांचा अंदाज आहे.

दोन्ही ठिकाणी हेतू रक्षणाचाच होता. अर्थात ओझोनचे काम पुष्कळ सोपे होते. थोडे कारखाने, थोडी रसायने आणि पर्याय हाताशी. तरीही मला त्यातला एक फरक महत्त्वाचा वाटतो. मॉन्ट्रियलमध्ये ज्यांना 'थांबा' म्हटले गेले, त्यांची हरकत ऐकून कराराचे कलम बदलण्यात आले. मालवणात तसे झाले नाही.

भाताच्या शेतावरील ठपका

हवामानाच्या वादात हा धडा गिरवला गेला नाही. १९९० मध्ये वॉशिंग्टनच्या एका संस्थेने कोणता देश किती उष्णतारोधक वायू सोडतो याचा तक्ता प्रसिद्ध केला. त्यात भारत, चीन आणि ब्राझील हे अमेरिकेच्या पंगतीला जाऊन बसले. या हिशेबात भाताच्या शेतांतून आणि गुराढोरांपासून निघणारा मिथेन वायूही मोटारींच्या धुराच्याच तागडीत टाकला होता. दिल्लीच्या अनिल अग्रवाल आणि सुनीता नारायण यांनी १९९१ मध्ये एक छोटी पुस्तिका लिहून या तक्त्याचा समाचार घेतला. पोटासाठी सोडलेला वायू आणि चैनीसाठी सोडलेला वायू एकाच मापाने मोजता येणार नाही, असे त्यांनी बजावले. आकाश सर्वांचे असेल, तर प्रत्येक माणसाचा त्यातील वाटा सारखाच हवा, ही त्यांची भूमिका होती.

त्याच सुमारास भारतातील भातशेती वर्षाला सुमारे पावणेचार कोटी टन मिथेन सोडते असा एक अमेरिकी अंदाज होता. डॉ. ए. पी. मित्रा यांच्या मार्गदर्शनाखाली भारतीय शास्त्रज्ञांनी १९९१ मध्ये प्रत्यक्ष शेतांत जाऊन मोजणी केली, तेव्हा तो आकडा सुमारे चाळीस लाख टन निघाला. ज्याच्यावर ठपका ठेवायचा त्याच्या बांधावर जाऊन आधी मोजावे, हा साधा न्याय येथे उपयोगी पडला. पावसाळ्यात गुडघाभर चिखलात लावणी करणाऱ्या आपल्या आयाबहिणींना आपण कधी काळी जगाच्या आरोपीच्या पिंजऱ्यात उभ्या होतो याची गंधवार्ताही नसेल.

जून १९९२ मध्ये रिओ येथे हवामान करारावर सह्या झाल्या. जबाबदारी सर्वांची समान, परंतु तिचा भार ज्याच्या त्याच्या कुवतीप्रमाणे वेगवेगळा, हे तत्त्व त्यात लिहिले गेले. या तत्त्वानुसार डिसेंबर १९९७ मध्ये क्योतो येथे केवळ औद्योगिक देशांवर कपातीचे बंधन घालणारा करार झाला. पण त्याआधी पाच महिन्यांपूर्वीच अमेरिकेच्या सिनेटने ९५ विरुद्ध शून्य मतांनी ठराव केला होता, की विकसनशील देशांवर बंधन नसलेला कोणताही करार आम्हाला मान्य नाही. २००१ मध्ये अमेरिकेने क्योतोकडे पाठ फिरवली. शेजारची बोट थांबत नाही तोवर मी थांबणार नाही, हे बोटवाल्याचे वाक्य ते हेच.

वादळे आणि परिषदा

११ नोव्हेंबर २००९ रोजी फयान वादळ कोकण किनाऱ्यावर आले. इशारा पुरेसा आधी सर्वांपर्यंत पोहोचला नाही, आणि समुद्रावर गेलेले अनेक मच्छीमार परतलेच नाहीत. त्यानंतर महिनाही उलटला नव्हता, तोच ७ डिसेंबरला कोपनहेगन येथे जगाचे नेते जमले. दोन आठवडे वाद झाला. अखेरच्या रात्री अमेरिका, चीन, भारत, ब्राझील आणि दक्षिण आफ्रिका या पाच देशांनी एका खोलीत मसुदा तयार केला. तुवालू या प्रशांत महासागरातील चिमुकल्या द्वीपराष्ट्राने त्याला जाहीर हरकत घेतली. त्यांच्या दृष्टीने तो त्यांचे बेट बुडवण्याचा करार होता. शेवटी परिषदेने मसुद्याची केवळ नोंद घेतली.

भारतीय म्हणून हा प्रसंग आपल्याला अवघड वाटायला हवा. स्टॉकहोमला आपण गरिबांची बाजू मांडली आणि कोपनहेगनला आपण बंद खोलीच्या आतल्या बाजूला होतो. आजही दर माणशी हिशेब केला तर भारतीय वर्षाला सुमारे दोन टन कार्बन डायऑक्साइड सोडतो आणि अमेरिकन चौदा टनांच्या आसपास. आपली तक्रार खरी आहे. पण देश म्हणून एकूण बेरीज केली, तर आपण चीन आणि अमेरिकेच्या मागोमाग तिसरे आहोत. तुवालूच्या मच्छीमाराला आपण रापणकर दिसत नाही, बोटवाले दिसतो.

२०१५ हे वर्ष आशेचे ठरले. १८ जूनला पोप फ्रान्सिस यांचे 'लाउदातो सी' हे विश्वपत्र प्रसिद्ध झाले. आपले हे सामायिक घर आहे, हवामान ही सर्वांची ठेव आहे आणि श्रीमंत उत्तरेवर गरीब दक्षिणेचे ऋण आहे, असे त्यात निःसंदिग्धपणे मांडले आहे. त्याच वर्षी १२ डिसेंबरला पॅरिस येथे करार झाला. प्रत्येक देशाने आपली कपात आपणच ठरवावी, जगापुढे मांडावी आणि दर पाच वर्षांनी वाढवावी, अशी त्याची रचना आहे. लहान बेटांच्या आग्रहावरून दीड अंशाची मर्यादा त्यात आली. भारताने २ ऑक्टोबर २०१६ रोजी, गांधीजयंतीला, त्याला मान्यता दिली.

परंतु समुद्र करारांची वाट पाहत नाही. ऑक्टोबर २०१९ मध्ये ऐन दिवाळीत 'क्यार' महाचक्रीवादळ आपल्या किनाऱ्यासमोरून गेले. देवबाग-तारकर्लीत पाणी शिरले आणि कापणीला आलेले भात शेतातच कुजले. १६ मे २०२१ चा रविवार मला स्पष्ट आठवतो. टाळेबंदीमुळे मिस्सेला लोक नव्हते. 'तौक्ते'च्या वाऱ्याने चर्चची कौले पत्त्यांसारखी उडत होती आणि मी सक्रिस्तीच्या दारात उभा राहून, कोणाच्या घरावर माड पडला असेल याचा विचार करीत होतो. अमुक एक वादळ तापमानवाढीनेच आले असे कोणी सांगू शकत नाही. मात्र पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी दाखवून दिले आहे, की २००१ ते २०१९ या काळात अरबी समुद्रातील चक्रीवादळांची संख्या त्याआधीच्या दोन दशकांच्या मानाने ५२ टक्क्यांनी वाढली.

त्याच २०२१ च्या नोव्हेंबरात ग्लासगोला भारताच्या आग्रहावरून कोळसा 'बंद करणे' ऐवजी 'कमी करणे' असा शब्दबदल झाला. २०२४ मध्ये बाकू येथे श्रीमंत देशांनी २०३५ पर्यंत दरसाल ३०० अब्ज डॉलर उभे करण्याचे मान्य केले, तेव्हा ही रक्कम तुटपुंजी आहे, अशी हरकत भारताच्या प्रतिनिधींनी तेथल्या तेथे नोंदवली. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने दुसऱ्यांदा पॅरिस करारातून अंग काढून घेण्याचा आदेश काढला. आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात ब्राझीलमधील बेलेम येथे खनिज इंधने टप्प्याटप्प्याने सोडण्याचा आराखडा सर्वसंमत होऊ शकला नाही.

आशेला जागा आहे का?

आहे, असे मी म्हणेन, आणि तीन गोष्टींच्या आधारावर म्हणेन.

पहिली : पॅरिस करारापूर्वी जगाची वाटचाल या शतकाअखेर तीन ते साडेतीन अंश तापमानवाढीकडे होती, आजच्या धोरणांनी ती पावणेतीन अंशांच्या आसपास येते असे संयुक्त राष्ट्रांचे अहवाल सांगतात. हे पुरेसे नाही, पण भांडत भांडत झालेले कामही काम असते.

दुसरी : दक्षिण प्रशांत महासागरातील काही विद्यार्थ्यांनी, हा प्रश्न आंतरराष्ट्रीय न्यायालयात नेला पाहिजे, असा आग्रह धरला. वानुआतू या लहानशा देशाने तो उचलून धरला, आणि २३ जुलै २०२५ रोजी हेगच्या न्यायालयाने मत दिले, की हवामानाचे रक्षण हे राष्ट्रांचे कायदेशीर कर्तव्य आहे. हे मत बंधनकारक नाही, तरी ते आता प्रत्येक वाटाघाटीत मेजावर असणार.

तिसरी आपल्या घराजवळची. २०१० मध्ये कानकून येथे हरित हवामान निधी स्थापण्याचे ठरले. त्या निधीने ऑक्टोबर २०१८ मध्ये महाराष्ट्र, आंध्र प्रदेश आणि ओडिशा यांच्या किनाऱ्यांसाठी ४ कोटी ३४ लाख डॉलरचे अनुदान मंजूर केले. त्यात आपला जिल्हाही आला. कांदळवनांची पुनर्लागवड, खेकडे आणि कालवे यांचे पालन अशी कामे त्यातून होतात. त्याआधी संयुक्त राष्ट्रांच्या दुसऱ्या एका प्रकल्पाच्या साहाय्याने वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत बचत गटाच्या महिलांनी होडीतून कांदळवन दाखवण्याचा व्यवसाय सुरू केला. अभयारण्याच्या नावाने जेथे एकेकाळी सभा उधळल्या गेल्या, त्याच जिल्ह्यात बायका वल्ही मारीत पाहुण्यांना कांदळाचे महत्त्व समजावून सांगतात. राखण्याच्या कामात त्यांना वाटा मिळाला, म्हणून ते काम त्यांचे झाले.

आता एक अवघड गोष्ट बोलली पाहिजे. आपल्या धर्मग्रामांतील कितीतरी घरांचे मुलगे आखातात तेलाच्या कंपन्यांत आणि जहाजांवर आहेत. त्यांच्या पैशाने घरांवर स्लॅब पडले, मुलांची शिक्षणे झाली, चर्चच्या सणाला वर्गणी आली. २०२३ मध्ये दुबईला जगाने प्रथमच खनिज इंधनांपासून दूर जाण्याचे मान्य केले, तेव्हा ते आपल्याच पोटावर बोलत होते. म्हणून या प्रश्नात आपण केवळ पीडित आहोत असे मानून चालणार नाही. समुद्र ज्यांच्या अंगणात शिरतो तेही आपणच, आणि समुद्र तापवणाऱ्या तेलावर ज्यांची चूल पेटते तेही काही अंशी आपणच. ही कबुली लज्जास्पद नाही. उलट, बोटवाल्याच्या कर्जाची आणि कोळसा सोडू न शकणाऱ्या देशाच्या अडचणीची जाणीव ज्याला असते, तोच त्यांच्याशी काही बोलू शकतो. तेलावरचा रोजगार उद्या आटला तर आपल्या मुलांनी काय करावे, हा प्रश्न धर्मग्राम मंडळाच्या बैठकीत आजच घ्यायला हवा.

अब्राहाम आणि लोट यांच्या गुराख्यांत कुरणावरून तंटा झाला, तेव्हा अब्राहामाने लोटाला निवड करू दिली आणि दोघे वेगवेगळ्या दिशांना गेले, ही कथा आपण सर्व जाणतो. त्या काळी वेगळे होण्यास पृथ्वी मोठी होती. आज वेगळे व्हायला दुसरे आकाश नाही. पण त्या कथेतला एक भाग आजही लागू आहे : वडीलधारा अब्राहाम होता, बळही त्याचे अधिक होते, आणि पहिली निवड त्याने धाकट्याला दिली. श्रीमंत राष्ट्रांनी गरिबांच्या बाबतीत, भारताने तुवालूच्या बाबतीत आणि मालवणच्या मोठ्या बोटीने रापणीच्या बाबतीत एवढे केले, तरी पुष्कळ होईल.

देवबागचा बंधारा पुढील काही पावसाळ्यांत पुन्हा दुरुस्त करावा लागेल. त्या कामाची ग्रामसभा होईल तेव्हा आपण घरी बसू नये. कोणाच्या दारासमोर दगड पडणार, कोणाची होडी ओढायची वाट बंद होणार, वाळू कोठून येणार, हे विचारावे. आणि ज्याची वाट बंद होते त्याला आधी बोलू द्यावे.